घोडमाशीचा निळा

३ ऑगस्ट, सोमवार

निवृत्तीच्या दिवशी प्रयोगशाळेतून दोन वस्तू माझ्याबरोबर घरी आल्या. एक, साहेबांनी मोडीत काढलेला आणि मी मागून घेतलेला मायक्रोस्कोप. दुसरी, ही कोरी नोंदवही. अकरा वर्षं कोरीच पडून होती. तारीख, जनावर, मालक, रक्त घेतल्याची वेळ, ताप, निष्कर्ष असे रकाने तिच्यात छापलेले आहेत, पण छपाई इतकी फिकी की आज ते शोधून काढावे लागले. छापखान्यात हात राखूनच शाई घातली असणार. म्हणून रकान्यांवरून आडवंच लिहितो आहे.

लिहायला कारण घडलं. सकाळी मास्तरीणबाई आल्या होत्या. नदीकाठच्या तबेल्याच्या मालकीण, मुलांना घोड्यावर बसायला शिकवतात. त्यांचे वडील तबेला चालवत होते तेव्हापासून माझा तिथे राबता. नऊ घोडी आहेत, त्यातली तांबडी आजारी. खाते व्यवस्थित, पण वाळत चालली आहे. ताप दोन दिवस येतो, पुढचे चार दिवस पत्ता नसतो. मागचे पाय सुजलेत. त्यांचं बोलणं संपायच्या आत माझ्या मनात शब्द येऊन बसला होता. सर्रा.

मी तो उच्चारला नाही, पण बाईंना कळलं. तीस वर्षांपूर्वी त्याच तबेल्यात हा रक्ताचा रोग येऊन गेला होता. तेव्हा त्या वेण्या घालून फिरण्याएवढ्या लहान होत्या.

"काका, मोठ्या प्रयोगशाळेतून उत्तर यायला दहा दिवस लागतात म्हणे," त्या म्हणाल्या. "तुम्हीच बघा. माझा तुमच्यावर भरवसा आहे."

अकरा वर्षांत हे वाक्य मला कोणी म्हटलं नव्हतं. मी नको-नको म्हणायचं नाटकसुद्धा केलं नाही.

तांबडी परकी नाही. ती शिंगरू होती तेव्हा ही, माझी बायको, माझ्याबरोबर तबेल्यात यायची आणि ते शिंगरू हिच्या हातातली कापडी पिशवी ओढून पळायचं. पिशवीत गाजरं आहेत हे त्याला कसं कळायचं कोण जाणे. ही जाऊन सहा वर्षं झाली. हिच्या हातचं खाल्लेले आता मी, आमची लेक आणि ती घोडी, एवढेच उरलोत.

दुपारी ट्रंक उघडली. मायक्रोस्कोप वर होता, खाली हिने शिवलेला सापळा. निळं कापड, काळं कापड, वर पांढरी जाळी. घोडमाशीला निळा रंग लांबून खुणावतो. ती निळ्यापाशी येते, काळ्याच्या सावलीत शिरते, मग उजेडाकडे उडते आणि वरच्या जाळीत अडकते. त्या सर्ऱ्याच्या वर्षी हिने असे चाळीस सापळे शिवले. त्यातला हा एकच राहिला. उलगडून खिडकीशी धरला, तर राखेच्या रंगाचा झालेला. इतक्या वर्षांत कापड विटणारच, तरी वाईट वाटलं. तिचा निळा उरला नाही.

४ ऑगस्ट, मंगळवार

सकाळीच तबेल्यात गेलो. वास तोच, गवताचा, लिदीचा आणि ओल्या चामड्याचा. डोळे मिटले तर वाटावं, ही मागून पिशवी घेऊन येते आहे.

तांबडीला आधी गाजर दिलं, मानेवर हात फिरवला, दोन शब्द बोललो. घोड्यांची निगा राखणारा मोतद्दार घसा खाकरून म्हणाला, "ती शेजारची आहे. तांबडी पलीकडे." तबेल्यात उजेड नाहीच. इतकी वर्षं बाईंना सांगतो आहे की छपराला दोन काचा बसवा.

मोतद्दार माझ्याच वयाचा, माझ्यासारखाच खडूस. त्याने तांबडीची मान धरली, मी कानाच्या शिरेतून थेंबभर रक्त घेतलं. ताप नव्हता. तिथेच खिडकीत मायक्रोस्कोप मांडून ताजा थेंब पाहिला. सर्ऱ्याचा जीव रक्तात असला तर आधी तो दिसत नाही, त्याची धांदल दिसते. रक्तपेशी उगाच इकडून तिकडे ढकलल्या जातात, बाजारात गर्दीतून कोणी घुसत जावं तशा. मग त्या गर्दीत शेपटी वळवळते. आज सगळं शांत होतं. भिंगावर बुरशी धरली असावी, कडा धूसर येतात.

निष्कर्ष म्हणून लिहिलं, दिसले नाहीत.

हा माझा जुना हट्ट. प्रयोगशाळेत नव्या माणसाला पहिल्या दिवशी मी दोन गोष्टी शिकवायचो. एक, "नाहीत" असं लिहायचं नाही, "दिसले नाहीत" असं लिहायचं. हे जीव रक्तात भरती-ओहोटीसारखे येतात. आज थेंबात सापडला नाही म्हणजे अंगात नाही असं नव्हे. आपण फक्त आपल्या डोळ्यांची हमी द्यायची, घोड्याची नाही. दोन, नोंदवहीत खोडरबर चालायचं नाही. चुकलं तर चुकीच्या शब्दावर एकच आडवी रेघ, आतला शब्द वाचता आला पाहिजे. वर बरोबर तो शब्द, शेजारी सही आणि तारीख.

घरी हिने या नियमाचा पुरता खेळ करून टाकला होता. मी ओरडायचो, किल्ली नाहीये. स्वयंपाकघरातून शांतपणे उत्तर यायचं, "नाही कशी? दिसली नाही म्हणा." मग येऊन माझ्या नाकासमोरून किल्ली उचलायची. लेकही हेच बोलत मोठी झाली. तिला परीक्षेत कमी गुण पडले तेव्हा म्हणाली होती, बाबा, मास्तरांना माझी हुशारी दिसली नाही.

६ ऑगस्ट, गुरुवार

तांबडीला चाळीस अंशांवर ताप. आज रक्त बघण्याचा दिवस. ताप चढलेला असताना जीव रक्तात असतील तर ढिगाने असतात. काचेवर रक्त पसरलं, वाळवलं, रंग दिला आणि बसलो. दोन तास वाचलं. डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे, शेत नांगरावं तसं.

रंग बेकार. पूर्वी या रंगाने काच कशी जांभळी खुलायची. आज सगळं चहा सांडल्यासारखं पिवळट. दुकानातून नवी बाटली मागवली होती, त्यांनी जुनीच माझ्या गळ्यात मारली.

मास्तरीणबाई शेजारी उभ्या. परवा रक्त घेतल्यापासून त्यांनी तांबडीला नदीच्या वरच्या अंगाला, बाकीच्या घोड्यांपासून दोनशे पावलांवर बांधलं होतं. घोडमाशी तेवढं अंतर रक्ताने ओल्या तोंडाने जात नाही, म्हणून. पण तांबडी एकटी राहिली की खाणं सोडते, रात्रंदिवस खिंकाळते. बाईंचे डोळे भरून आले होते. म्हणाल्या, "काका, मला तुमची भाषा कळत नाही. आहे की नाही, एवढंच सांगा."

काल चहा कपाबाहेर ओतला म्हणून लेक म्हणाली होती, डोळे दाखवून या. तेही डोक्यात होतंच. चाळीस वर्षं या डोळ्यांवर पोट भरलं. तापातल्या रक्तात असते तर मला दिसले असते. मला ते नको होते, हेही खरं. त्या घोडीला तो रोग असू नये असं फार वाटत होतं.

लिहिलं, नाहीत. खाली सही केली.

बाईंनी माझे दोन्ही हात धरले. तांबडीला तिच्या जागी नेलं. शेजारच्या बुटकीने, म्हणजे त्यांच्या म्हाताऱ्या तट्टाने, तिला वास घेऊन घेऊन नाक घासलं. मोतद्दारसुद्धा हसला, आणि तो सहसा हसत नाही.

९ ऑगस्ट, रविवार

सर्रा नसला तरी माश्या आहेतच. घोडी पाय आपटून बेजार झाली आहेत. बाईंना म्हटलं, सापळे लावू. लेकीने हिचं शिलाईमशीन पुसून तेलपाणी केलं. कापड तीच घेऊन आली.

त्यावरून आमचं वाजलं. तिने आणलेलं कापड निळं नव्हतंच. मी म्हटलं, हा कसला निळा, मळकट हिरवट काहीतरी. ती म्हणाली, आईच्या सापळ्याचा तुकडा नेऊन ताडून आणलाय, अगदी तोच. मी म्हटलं, विटलेल्या तुकड्याशी ताडलंस म्हणून विटका रंग आणलास. ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिने दोऱ्याची दोन रिळं पुढे केली आणि काळं द्या म्हणाली. मी दिलं. तिने ते हळूच ठेवून दुसरं घेतलं. आईवर गेली आहे, गप्प राहून बोलते.

मशीनचा आवाज मात्र तोच. तो ऐकत आरामखुर्चीत पडून राहिलो. त्या वर्षी ही दिवसभर शिवायची आणि मी शेजारी बसून माश्या मोजायचो. एकदा मी तिला सांगितलं होतं की घोडमाशीत चावते ती फक्त मादी. तिचा चावा सुईसारखा नसतो, करवतीसारखा असतो. घोड्याला झोंबतो, तो शेपटी मारतो, ती अर्धपोटी उठते आणि रक्ताळलेल्या तोंडाने शेजारच्या घोड्यावर बसते. रोग तिच्या पोटातून जात नाही, तोंडाला लागलेल्या ओलाव्यातून जातो. घोडा स्वतःची सुटका करतो आणि शेजाऱ्याच्या गळ्यात रोग घालतो. हिने मशीन थांबवलं आणि म्हणाली, म्हणजे एका बाईला कोणी धड जेवू देत नाही म्हणून हे सगळं रामायण. मी आठ दिवस प्रयोगशाळेत हे वाक्य सांगून हसत होतो.

१२ ऑगस्ट, बुधवार

सहा सापळे लागले. तीन दिवसांत जाळ्या भरल्या. मोतद्दाराने एकाच जाळीत दोनशेवर मोजल्या. लेक म्हणाली, बघा, माश्यांना कापड पसंत आहे. मी म्हटलं, माश्यांना अक्कल असती तर सापळ्यात कशाला शिरल्या असत्या.

पण मनात राहिलं. त्यांना जो निळा दोनशे पावलांवरून बोलावतो तो मला हातभरावरून का पटत नाही?

एक गोष्ट मात्र हेरली. वैरणवाल्याने नवा बैल घेतला आहे, तो गाडी घेऊन रोज तबेल्याच्या भिंतीला उभा असतो. बैल धडधाकट. पण बैल-म्हशींच्या अंगात सर्रा वर्षभर गपचूप राहतो, त्यांना काही होत नाही, आणि माशीला काय, तिला गोठा आणि तबेला सारखाच. बाईंना म्हटलं, सर्रा नाही ते खरं, तरी त्या बैलाचं रक्त तपासून घ्या. त्यांनी जनावरांच्या डॉक्टरला निरोप धाडला.

१३ ऑगस्ट, गुरुवार

तांबडीला पुन्हा ताप. चालताना मागचा भाग लचकतो.

डॉक्टर आली. ही माझीच विद्यार्थिनी. माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षी दोन महिने शिकायला होती. अजून सर म्हणते. तिने तांबडीची पापणी उलटून पाहिली, बैलाचं रक्त घेतलं, मग सहज विचारावं तसं म्हणाली, सर, सहा तारखेची काच आहे का? मी अभिमानाने दिली. माझ्या काचा मी वर्षवर्ष जपतो. तिने माझ्याच मायक्रोस्कोपवर ठेवली, पाहिली, आणि फार लवकर डोळा काढला. दोन तासांचं काम दहा सेकंदांत करतात ही नवी पोरं. माझ्या नोंदवहीचं पानही तिने वाचलं. "नेऊ का?" म्हणाली, आणि काच रुमालात गुंडाळून ठेवली.

जाताना तांबडीला वरच्या अंगाला हलवायला सांगितलं, आणि लेकीशी फाटकापाशी बराच वेळ बोलत होती. पावसापाण्याचं काहीतरी असेल.

१५ ऑगस्ट, शनिवार

सर्रा आहे. तांबडीला आहे, बैलालाही आहे. डॉक्टरने आज तांबडीला सुई दिली.

मी म्हटलं, म्हणजे सहा तारखेनंतर लागण झाली. तिने सुई डबीत ठेवली. मी म्हटलं, सहाची काच स्वच्छ होती, मी स्वतः वाचली आहे. तिने पिशवीतून रुमाल काढला, काच मायक्रोस्कोपवर ठेवली, ठाकठीक केली आणि मला खुर्ची दिली. मी वाकलो.

पिवळट धुकं. पेशी, पेशी, पेशी.

ती माझ्या शेजारी उकिडवी बसली होती, शिकायला असताना बसायची तशीच. तिचा आवाज अगदी खाली होता. "सर, आत्ता तुमच्या नजरेसमोर अकरा आहेत. मी मधोमध आणून ठेवलेत. कोणालाही दिसतील इतके आहेत."

मी पुन्हा पाहिलं. बराच वेळ पाहिलं. डोळा बदलला, चष्मा काढला, पुन्हा घातला. शेवटी माझ्या तोंडून तेच आलं जे चाळीस वर्षं येत होतं. म्हटलं, दिसत नाहीत.

तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी तिला जा म्हणालो. बरोबर केलं नाही, पण त्या क्षणी दुसरं काही जमलं नसतं.

१६ ऑगस्ट, रविवार

लिहून टाकतो. नंतर धीर होणार नाही.

घोडी तापात होती. रक्त जिवांनी भरलं होतं. काच चांगली होती, रंग चांगला होता, भिंगही चांगलं होतं. वाईट होते ते माझे डोळे. आणि डोळे वाईट असणं हा गुन्हा नाही, म्हाताऱ्या माणसाचे होतातच. "दिसले नाहीत" असं लिहिलं असतं तरी मी खरं बोललो असतो, आणि बाईंनी घोडी वरच्या अंगालाच ठेवली असती. मी "नाहीत" लिहिलं. जन्मभर दुसऱ्यांना जे लिहू दिलं नाही ते स्वतः लिहिलं, कारण एक बाई रडत होती आणि मला मोठं व्हायचं होतं. सात दिवस ती घोडी बुटकीला खेटून उभी होती आणि दोघी एकमेकींवरच्या माश्या उडवत होत्या.

लेकीने ताट आणून ठेवलं. जेवलो नाही.

१७ ऑगस्ट, सोमवार

तबेल्यात जाऊन मास्तरीणबाईंना सांगितलं. सगळं सांगितलं, आडपडदा ठेवला नाही. त्या खोगीर पुसत होत्या, पुसतच राहिल्या. मग म्हणाल्या, "काका, तुम्हाला दिसत नव्हतं हे मोतद्दाराला पहिल्या दिवशीच कळलं होतं. त्याने मला सांगितलं होतं. मीच ऐकलं नाही." मी विचारलं, का? त्या म्हणाल्या, "लहानपणी आमची घोडी तुम्ही आणि काकूंनी वाचवली. तुम्ही आहात म्हणजे सगळं ठीक होणार, असंच मनात बसलं होतं."

दोघंही तीस वर्षांपूर्वीच्या तबेल्यात उभे होतो आणि घोडी मात्र आजची होती.

१९ ऑगस्ट, बुधवार

बुटकीला ताप.

२५ ऑगस्ट, मंगळवार

तांबडीची सूज उतरते आहे. वैरणवाल्याच्या बैलालाही सुई झाली. वैरणवाला माझ्यावर खार खाऊन आहे, म्हणतो ठणठणीत जनावराला टोचून घेतलं. बुटकीने औषध घेतलं पण तिला ते झेपत नाही. वय झालंय. सव्वीस म्हणजे तट्टाचं माझ्याहून जास्तच.

रोज जातो. रक्ताला हात लावत नाही. सापळ्यांच्या जाळ्या रिकाम्या करतो, ते हाताला समजतं. डॉक्टर म्हणाली, हे सापळे नसते तर आणखी चार घोड्यांना लागण झाली असती. मन राखायला म्हणत असेल. पण तिला मीच शिकवलंय, ती खोटं बोलत नसावी.

३ सप्टेंबर, गुरुवार

बुटकी सकाळी गेली.

मोतद्दाराने तिची मान मांडीवर घेतली होती. या तबेल्यातल्या प्रत्येक मुलाला पहिल्यांदा पाठीवर घेणारी तीच. मास्तरीणबाई तिच्यावरच शिकवायच्या. आज शिकवणी बंद होती, तरी मुलं येऊन कुंपणाशी उभी राहिली.

मी डॉक्टरला विचारलं, माझ्या त्या सात दिवसांतच तिला लागण झाली का? ती म्हणाली, कोणती माशी कोणत्या दिवशी बसली ते कोण सांगणार, सर. आधीही झाली असेल. हे खरं आहे. मी तिच्या जागी असतो तर हेच उत्तर दिलं असतं. पण दिवस मोजले तर माझे सात दिवस नेमके बसतात, आणि मी मोजल्याशिवाय राहणारा माणूस नाही.

घरी येताना लेकीला म्हटलं, डोळ्यांच्या डॉक्टरची वेळ घे. ती म्हणाली, "घेतलीय. पंधरा ऑगस्टलाच घेतली होती. तुम्ही म्हणेपर्यंत पुढे ढकलत होते."

५ सप्टेंबर, शनिवार

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. डॉक्टर म्हणाले, पिकून पिवळे झालेत, इतके दिवस कसं चालवलंत? मी म्हटलं, चालवलं कुठे, घोडं मारलं. त्यांना विनोद वाटला. हसले.

गुरुवारी उजवा डोळा करायचा.

११ सप्टेंबर, शुक्रवार

काल झालं. काही दुखलं नाही. आज सकाळी पट्टी काढली.

परिचारिकेचे कपडे पांढरे होते. पांढरे म्हणजे पांढरे. मला वाटत होतं हल्ली सगळीकडे बदामी रंग वापरतात. लेकीकडे पाहिलं. तिच्या कपाळावर दोन आठ्या आहेत आणि कानाजवळ केस पिकलेत. हे कधी झालं मला माहीत नाही. ती म्हणाली, काय बघताय? मी म्हटलं, तुला. ती खिडकीकडे वळली.

वाटेत तबेल्यावर थांबायचा हट्ट धरला. लांबूनच तांबडी ओळखली. तिचा रंग मी विसरलोच होतो, ऊन लागलं की तांब्याचं भांडं नुकतं घासल्यासारखा दिसतो. वाळली आहे, फासळ्या मोजता येतात, पण ताप तीन आठवडे नाही. डॉक्टर तिथेच होती. सकाळची काच मायक्रोस्कोपवर लावलेली. मी जवळ जाऊन उभा राहिलो, वाकलो नाही. ती म्हणाली, बघा ना. उजव्या डोळ्याने पाहिलं. जांभळं शेत, लख्ख, काठापर्यंत. शंभर जागा पाहिल्या.

विचारलं, तू काय लिहिलंस? तिने तिची वही पुढे केली. "दिसले नाहीत. आठ दिवसांनी पुन्हा." मी मान हलवली. तांबडीने माझ्या खिशाला तोंड लावलं. खिशात काही नव्हतं, याची लाज वाटली.

घरी आलो ते थेट ट्रंकेपाशी. लेक म्हणत होती, वाकू नका, डोळ्यावर ताण येईल. सापळा काढला आणि खिडकीशी धरला.

निळा. अगदी तोच, त्या वर्षी मशीनखालून बाहेर यायचा तसा, डोळ्यांत घुसणारा. ही म्हणायची, हा निळा बघून माशीच काय, मीसुद्धा सापळ्यात शिरेन. एक धागा विटला नव्हता. ट्रंक उघडल्यापासून मी म्हणत होतो की गेला, तिच्याबरोबर तोही गेला. तो तिथेच होता. मी खाली बसून रडलो. लेकीने डोळ्याला पाणी लागू देऊ नका म्हणून रुमाल दिला आणि स्वतःही शेजारी बसली.

मग ही वही घेतली. रकाने खरंच छापलेले आहेत, चांगले ठसठशीत, आणि माझं अक्षर सगळं त्यांच्यावरून वाकडंतिकडं गेलंय. आधी सहा ऑगस्टचं पान काढलं. "नाहीत" हा शब्द होता, त्यावर एक आडवी रेघ मारली. आतला शब्द वाचता येतो. वर लिहिलं, "मला दिसले नाहीत." सही केली, आजची तारीख घातली. बुटकीसाठी याने काही होणार नाही, हे मला माहीत आहे. तरी चूक जिथे झाली तिथेच दुरुस्त करायची असते.

मग तीन ऑगस्टचं पान. शेवटची ओळ. तिथे एकच शब्द चुकला होता. त्यावर रेघ मारली, वर बरोबर तो लिहिला, आणि सही केली. आता ती ओळ अशी आहे: तिचा निळा दिसला नाही.